जन्मदाखल्यावर जन्मदात्यांचं नाव. दत्तक मुलीला वारसा मिळेल का?

प्रश्न : 1991 साली, मी चार वर्षांची असताना, मामा-मामींनी मला दत्तक घेतलं. नोंदणीकृत दत्तकपत्र आहे. त्यांना दुसरं अपत्य नाही. मामा गेल्या वर्षी वारले, मृत्युपत्र नाही. जमीन त्यांनी स्वतः विकत घेतलेली. माझ्या जन्मदाखल्यावर जन्मदात्या वडिलांचं नाव आहे, म्हणून मामांच्या पुतण्यांनी वारस नोंदीला हरकत घेतली आहे.

उत्तर : ताई, ही हरकत टिकण्यासारखी नाही. जन्मदाखल्यावरून जन्म कळतो, वारसा दत्तकविधानावरून ठरतो. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, 1956 च्या कलम 12 प्रमाणे दत्तक गेलात त्या दिवसापासून तुम्ही मामा-मामींची मुलगी आहात. दाखला दुरुस्त झालेला असावा, अशी अट कायद्यात कुठेही नाही.

दत्तकपत्रावर देणारे वडील आणि घेणारे मामा, दोघांच्याही सह्या आहेत ना, ते आधी बघा. असतील तर कलम 16 खाली दत्तक कायदेशीर झालं असंच न्यायालय धरून चालतं; ते खोटं पाडायचं ओझं पुतण्यांवर. नुसतं नोटरी केलेलं पत्र असतं तर मूल प्रत्यक्ष दिलं-घेतलं हे साक्षीदार आणून सिद्ध करावं लागलं असतं. दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत काढा आणि तीच सगळीकडे द्या. मूळ कागद हातचा सोडू नका.

हरकतीचं प्रकरण मंडळ अधिकाऱ्यांपुढे चालेल. तिथे मामींचा जबाब लेखी नोंदवून घ्या, शाळा सोडल्याचा दाखलाही जोडा. निकाल विरुद्ध गेला तर 60 दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करा. फेरफारावरून, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीतल्या नावबदलावरून, मालकी ठरत नाही. दत्तकाचाच वाद राहिला तर दिवाणी न्यायालयात जावं लागेल.

मामांच्या आई हयात नसतील तर जमीन मामी आणि तुम्ही, निम्मी-निम्मी. हिंदू वारसा कायद्यात बायको, मुलं, आई हे वर्ग 1 चे, म्हणजे पहिल्या हक्काचे वारस; पुतणे वर्ग 2 चे वारस आहेत. वर्ग 1 मधलं एकही माणूस असताना त्यांच्या वाट्याला काही येत नाही. उद्या दत्तक रद्दबातल ठरलं तरी आज सगळी जमीन मामींचीच होईल. पुतण्यांचा डोळा पुढे आहे : मामींना मूलच नाही असं ठरलं, तर त्यांच्यामागे नवऱ्याकडून आलेली जमीन नवऱ्याच्या वारसांकडे जाते. म्हणून मामींनी त्यांच्या हिश्शाचं नोंदणीकृत मृत्युपत्र याच महिन्यात करावं. सुनावणीची वाट बघू नका.

दाखल्यासाठी, जन्म जिथे नोंदला आहे त्या निबंधकाकडे दत्तकपत्राची प्रत जोडून अर्ज द्या. ‘घरी जन्म झाला’ असं दाखवून नवा दाखला काढून देतो, असं कुणी म्हणालं तर साफ नकार द्या. खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे, आणि पुतण्यांच्या वकिलाला तो कागद आयताच मिळेल.