यील्ड म्हणजे उत्पन्न की शरणागती?

दोन्ही. तुम्ही लिहिलंय की बँकेच्या परीक्षेची तयारी करताना एकाच पानावर 'यील्ड'चे तीन अर्थ भेटले: पिकाचं उत्पादन, रोख्यांचा, म्हणजे बाँडचा, परतावा आणि शत्रूला शरण जाणं. हे सगळं पाठ कसं करायचं? मी नागपुरात इंग्रजी शिकवते आणि माझ्या वर्गात हा प्रश्न दरवर्षी येतो. पाठ करू नका, शब्दाचं मूळ धरा.

जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ होता फेडणं, चुकतं करणं. जर्मनमधला 'गेल्ड', म्हणजे पैसा, हा त्याच कुळातला. मूळ गोष्ट देण्याची आहे. जमीन पीक देते, रोखा व्याज देतो, हरलेला राजा किल्ला देतो. अर्थ वेगळे दिसले तरी ते एकमेकांच्या विरुद्ध नाहीत.

शेतीतल्या यील्डला पुस्तकात 'उत्पादकता' लिहितात. आमच्याकडे तो शब्द कोणी बोलत नाही. दिवाळीच्या आधी काटोलकडे मामाच्या शेतात सोयाबीन काढणं सुरू होतं. मळणीयंत्राच्या भुशानं मामाच्या भुवया पांढऱ्या झालेल्या, तो भरलेले कट्टे मोजतोय, आणि शेजारचा धुऱ्यावरूनच विचारतो, "कितीक झडती आली गा?" मामा म्हणतो, "एकरी चार." क्विंटल म्हणायचीही गरज नसते. झडती म्हणजेच यील्ड, आणि मला तो 'उत्पादकता'पेक्षा कितीतरी नेमका वाटतो, कारण दाणा झडून हाती काय आलं ते त्यात दिसतं. इतरत्र 'उतारा' म्हणतात, पण उसाच्या बाबतीत जपा. तिथे उतारा म्हणजे उसातून निघालेल्या साखरेचं प्रमाण, एकरी टन नव्हे.

तुमच्या परीक्षेत घोळ होतो तो रोख्यांपाशी. समजा रोखा १०० रुपयांचा आहे आणि वर्षाला ७ रुपये व्याज ठरलेलं आहे. बाजारात त्याचा भाव ९५ झाला. व्याज तेच ७, पण आज घेणाऱ्यानं ९५च मोजले, म्हणून त्याला साधारण ७.३७ टक्के पडतात. भाव उतरला की यील्ड चढतो. 'बाँड यील्ड वाढले' अशी बातमी वाचून रोखे महागले असं समजणारे पुष्कळ विद्यार्थी मी पाहिलेत; झालेलं असतं नेमकं उलटं. इथे 'परतावा' चालेल, पण त्यात भाव वाढल्याचा नफाही कधी कधी धरतात, म्हणून परीक्षेत 'यील्ड'च ठेवा.

बांधकामावर 'एफई ५००'ची सळई येते. तो ५०० आकडा यील्डचाच, न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरमध्ये. तेवढ्या ताणापर्यंत सळई ताण सुटल्यावर जवळजवळ मूळ लांबीवर येते. त्यापुढे गेली की ताणलेली ती ताणलेलीच. लोखंडानं हार मानली, असंच म्हणायचं. अमेरिकेत रस्त्यावर यील्डची पाटी असते. आपल्याकडे तोच लाल काठाचा उलटा त्रिकोण 'रस्ता द्या' सांगतो. संसदेत एखादा सदस्य 'आय ऍम नॉट यील्डिंग' म्हणतो, तेव्हा तो मध्ये बोलू पाहणाऱ्याला वाव देत नसतो.

पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकलात तर तिथला 'यील्ड' जरूर बघा. फंक्शन, म्हणजे प्रोग्राममधला एक तुकडा, एक किंमत बाहेर देतं आणि तिथेच थांबून ताबाही सोडतं, पुन्हा हाक आली की तिथूनच पुढे चालू. उत्पन्न आणि शरणागती एकाच ओळीत.

भाषांतराच्या प्रश्नात मात्र 'देणे' दरवेळी बसत नाही. माणूस दबावापुढे यील्ड झाला तर मराठीत तो नमतं घेतो. इंग्रजीत देतो, आपल्याकडे घेतो! आणि तुम्ही विचारलेलं ते वाक्य, दार यील्ड होईना, त्याचं मी असं करेन: किती धक्के मारले, पण दार दाद देईना.