कोरड्या प्रदेशातलं कासव कोरडं ठेवायचं नसतं

प्रश्न वाचला, फोटोही पाहिले. दोन वर्षांचं सुलकाटा जातीचं कासव, काचेच्या टाकीत, खाली वाळू, वर दिवसभर दिवा, आणि ‘वाळवंटातला प्राणी’ म्हणून पाण्याचं भांडंच नाही. पाठीवर टेंगळं आलीत, लघवीसोबत पांढरं खरखरीत काहीतरी पडतंय. पण खातंय व्यवस्थित, मग काळजी करायची का, असं तुम्ही विचारलंय.

करायची. कासव खातंय म्हणजे बरं आहे, असं धरून चालू नका. आजारी कासवंही बराच काळ खात राहतात. आणि ओशाळू नका, हेच सगळं मी माझ्या पहिल्या कासवाबाबतीत तीन वर्षं केलं.

सुलकाटा सहाराच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्यातलं. तिथलं ऊन आपण ऐकलेलं असतं, पण कासव त्या उन्हात बसत नाही. ते खोल बीळ खणतं आणि दिवसातला वाईट वेळ आत काढतं. बिळातली माती ओलसर, हवा दमट. म्हणजे आपण त्याला बिळाबाहेरचं हवामान देतो आणि बीळ द्यायला विसरतो. त्यात वरचा दिवा पाठ सतत सुकवत राहतो. टेंगळांचं खापर सगळे प्रथिनांवर फोडतात. पण सुलकाटाच्याच पिल्लांवरचा एक प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला, त्यात हवेतल्या दमटपणाचा परिणाम प्रथिनांपेक्षा कितीतरी जास्त दिसला. आलेली टेंगळं आता बसणार नाहीत. बघायचं ते पाठीवरच्या चकत्यांमधल्या फटीकडे. तिथे फिकट रंगाची नवी वाढ दिसते. ती सपाट येऊ लागली की समजा गाडी रुळावर आली.

आता ते पांढरं. पाणी वाचवायला ही कासवं नको असलेला नायट्रोजन युरिक आम्लाच्या रूपात टाकतात. ते मऊ, दह्यासारखं असेल तर ठीक. बोटांत चोळल्यावर वाळूसारखं कचकचलं, तर अंगात पाणी कमी आहे. तेच मूत्राशयात साचून खडा होतो. माझ्या कासवाला गोटीएवढा झाला होता. तो काढायला डॉक्टरांना पोटाकडच्या कवचाची चौकोनी खिडकी कापावी लागली, आणि ती जागा भरून यायला वर्षाहून जास्त लागलं. म्हणून आधी एक एक्स-रे काढून घ्या. खडा असला तर बहुतेकदा दिसतो.

घरी आजपासून रोज डुंबवा. उथळ टबात कोमट पाणी, वरचं आणि खालचं कवच जिथे जुळतं तिथपर्यंत, मान सहज वर राहील इतकंच, वीस मिनिटं. पहिले दोन-तीन दिवस ते टबाच्या भिंतींना धडका मारेल. मग एक दिवस नाक पाण्यात घालून गप्प बसेल आणि घसा हळूहळू वरखाली होताना दिसेल. ते पितंय. त्यानंतर बरेचदा पाण्यातच सगळं मोकळं करतं, मग पाणी लगेच बदला.

वाळू काढून टाका, ती पोटात जाऊन आतडी तुंबतात. माती आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळून घाला, त्याला पुरून घेता येईल इतका जाड थर. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये. एका कोपऱ्यात प्लास्टिकचा डबा उपडा घालून दार कापा, आत ओलसर कोकोपीट. हेच त्याचं बीळ. आर्द्रतामापक या डब्यात ठेवा, आणि तो ८० टक्क्यांच्या आसपास दिसू द्या.

मात्र ओलावा उबेबरोबरच हवा. गार आणि दमट जागा म्हणजे फुप्फुसाच्या आजाराला आमंत्रण. दिव्याखाली ३५ ते ३८ अंश, दुसऱ्या टोकाला २७ च्या आसपास, रात्री २६ च्या खाली नको. कासवाला आपल्यासारखं श्वासपटल (छाती आणि पोटामधला स्नायूंचा पडदा) नसतं, खोकून कफ बाहेर काढता येत नाही. नाकाशी बुडबुडे किंवा मान ताणून उघड्या तोंडाने श्वास दिसला की घरगुती उपाय न करता डॉक्टर गाठा. आणि एक गोष्ट ठामपणे सांगून ठेवा: आयव्हरमेक्टिन द्यायचं नाही. इतर प्राण्यांना जंतांसाठी सर्रास देतात, कासवाचा त्याने जीव जाऊ शकतो.

दिवा यूव्हीबीचा, म्हणजे उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारा आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन धरू नका, काच यूव्हीबी अडवते. यूव्हीबी नळीचा उजेड तसाच राहतो, पण आतला यूव्हीबी घटत जातो, म्हणून प्रकारानुसार सहा ते बारा महिन्यांत बदलायची. मी नळीच्या टोकाला मार्करने तारीख लिहून ठेवतो, नाहीतर विसरायला होतं.

खाणं सोपं आहे: मुख्यतः गवत आणि सुकं गवत, सोबत जास्वंदीची, तुतीची पानं, निवडुंगाचे काटे काढलेले तुकडे. फळं आणि कुत्र्याचं खाणं नको. पालक क्वचितच, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवतं.

थंडीत त्याला झोपू द्या, असं तुम्हाला कुणी सांगितलंय ते मात्र विसरा. शीतनिद्रा घेणारी कासवं वेगळी, हॉर्सफील्ड, हर्मन वगैरे. सुलकाटा घेत नाही.

टाकीबद्दल: काचेपलीकडचं दिसतं म्हणून ते दिवसभर काचेवर चालत राहतं. सध्या बाहेरून तीन बाजूंना कागद चिकटवा. पण हे जनावर चाळीस किलोंच्या पुढे जातं, तेव्हा मोठ्या जागेचा विचार आत्ताच सुरू करा. दर रविवारी ग्रॅमच्या काट्यावर वजन करून वहीत लिहा. एक्स-रे झाला की आणि दिव्याखालचं तापमान मोजलं की तेवढे आकडे इथे टाका, मग पुढचं बोलू.