टेक्निकल इलस्ट्रेटरला पुढे काम मिळेल का, आणि रत्नागिरीत राहून ते जमेल का?

तुम्ही विचारलंय की आयटीआयला ड्राफ्ट्समन मेकॅनिकल केलंय, हात चांगला आहे, रत्नागिरी सोडायची इच्छा नाही, तर एआयच्या जमान्यात टेक्निकल इलस्ट्रेटर व्हावं का. मी चिपळूणला घरी बसून पुण्याच्या कंपन्यांसाठी पार्ट्स कॅटलॉग आणि सर्व्हिस मॅन्युअलची चित्रं करते, त्यामुळे मला रोज जे दिसतं ते सांगते.

काम आहे, पण नवीन मुलांना आधी ज्या कामावर घ्यायचे तेच काम संपत चाललंय. पूर्वी टॉप, फ्रंट, साइड व्ह्यूची ड्रॉइंग हातात मिळायची आणि त्यावरून आयसोमेट्रिक, म्हणजे तिन्ही बाजू एकत्र दिसतील असं तिरकं चित्र, उभं करायचं, वर्तुळं तिरकी दाखवायला ३५ अंशाची लंबवर्तुळाची टेम्प्लेट, शाईचं पेन, एखादा गिअरबॉक्स सुटा करून दाखवायचा तर कित्येक दिवस जायचे. आता डिझाइनवाल्यांकडून थ्रीडी मॉडेल येतं, क्रिओ इलस्ट्रेट किंवा सॉलिडवर्क्स कंपोझरमध्ये उघडायचं, पार्ट ओढून बाजूला करायचे, की लाइन आर्ट, म्हणजे नुसत्या रेघांचं चित्र, तयार. ज्या कडेची एकच बाजू दिसते तिला जाड रेघ आणि दोन्ही बाजू दिसतात तिला बारीक, ही आपल्या धंद्यातली जुनी रीतसुद्धा सॉफ्टवेअर बऱ्यापैकी लावून देतं. म्हणून नुसतं ट्रेसिंग येतं या भरवशावर या लाइनमध्ये येऊ नका, अगदी मनापासून सांगतेय.

मग माणूस लागतो कुठे? मासेमारीबंदीच्या काळात, म्हणजे १ जून ते ३१ जुलै, रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात जा आणि बोटींच्या इंजिनाची कामं चालतात ती बघा. समुद्राचं पाणी खेचणाऱ्या पंपात रबरी इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, असतो. तो बसवताना पाती शाफ्ट फिरतो त्याच्या उलट दिशेला झुकलेली हवीत, नाहीतर पात्यांवर ताण येतो, आणि पात्याचा तुकडा निघून पुढे कूलरमध्ये अडकला तर इंजिन तापतं, तेही भर समुद्रात. आता गंमत बघा, थ्रीडी मॉडेलमध्ये हा इंपेलर बहुतेक वेळा मोकळ्या अवस्थेत असतो, पाती सरळ. सॉफ्टवेअर तुम्हाला सरळ पातीच काढून देणार. ती वाकवून दाखवायची, शेजारी फिरण्याच्या दिशेचा बाण द्यायचा, कव्हर बाजूला ठेवून मेकॅनिक जिथून वाकून बघतो त्याच बाजूने व्ह्यू घ्यायचा, हे ज्याने पंप एकदा तरी उघडलाय त्यालाच सुचतं. मेकॅनिक मॅन्युअलचा मजकूर वाचत बसत नाही हो, तेलकट हाताने पान उलटतो आणि चित्र बघतो. त्या चित्रावर त्याचा विश्वास असतो, म्हणून मला हे काम महत्त्वाचं वाटतं.

एआयने काढलेली चित्रं मीही तपासून बघितली आहेत. दिसायला सुंदर, पण सहा स्क्रूचं कव्हर पाच स्क्रूचं होतं, गिअरचे दात मनाला येतील तेवढे. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये हे चालत नाही, शिवाय बाजारात न आलेल्या मशीनचं मॉडेल बाहेरच्या वेबसाइटवर टाकायला कंपन्या देतही नाहीत. पार्ट लिस्टचे नंबर जुळवणं, मजकुराचा पहिला खर्डा, असल्या कामाला मात्र एआय वापरा, वेळ वाचतो.

मागणी कुठून येतेय तेही बघा. युरोपचा मशिनरीचा नवा नियम, २०२३/१२३०, हा २० जानेवारी २०२७ पासून लागू होतोय आणि त्यात मशीनच्या सूचना डिजिटल द्यायला परवानगी आहे. म्हणजे तिकडे माल पाठवणाऱ्या आपल्या कारखान्यांना पीडीएफच्या पुढे जाता येईल, पार्टवर क्लिक केलं की नंबर दिसेल अशी एसव्हीजी (वेबपानावर चालणाऱ्या रेघांच्या फाइलचा प्रकार) चित्रं, छोटी ॲनिमेशन. हे आत्ताच शिकून घ्या. आपल्याकडेही केंद्र सरकारने २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं, म्हणजे घेतलेली वस्तू दुरुस्त करून घ्यायच्या हक्काचं, पोर्टल काढलं, त्यात शेतीची अवजारंही आहेत. विमान आणि डिफेन्सच्या कामात एस१०००डी नावाचं मॅन्युअल तयार करण्याचं स्टँडर्ड चालतं, ते येणाऱ्याला बंगळुरू, हैदराबाद, पुण्यात विचारतात. आणि पेटंट ड्रॉइंग, म्हणजे पेटंटच्या अर्जाला जोडायची चित्रं, हा एक शांत कोपरा आहे, ए४ कागद, वरून आणि डावीकडून ४ सेंटिमीटर, खालून आणि उजवीकडून ३ सेंटिमीटर समास, स्वच्छ रेघा, हे घरून करता येतं.

पोर्टफोलिओसाठी नेटवरचं मॉडेल उतरवून घेऊ नका, सगळेच तेच दाखवतात. आपल्याकडे सावंतवाडी, वेंगुर्ल्याला काजू फोडायची पायाने चालणारी मशीन घराघरांत आहेत, एक सुटी करून मोजमाप घ्या. पाती कशी सेट होतात, बी कुठे धरायची, बोट कुठे जाता कामा नये, टरफलातल्या तेलाने हात भाजतात म्हणून बायका आधी हाताला काय लावतात, हे सगळं चित्रात आलं पाहिजे आणि शब्द जवळपास नकोत. मग ते पान मशीनवर बसणाऱ्या बाईला दाखवा, काही न सांगता. ती जिथे अडकेल तिथे चित्र बदला. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा आंबे काढायचा नूतन झेला घेतलात तरी चालेल. इंटरव्ह्यूला असं एक पान कॉम्प्युटरने रंगवलेल्या दहा गुळगुळीत रेंडरपेक्षा जास्त बोलतं, निदान मी तरी असाच माणूस निवडेन.

रत्नागिरीत राहूनच सुरुवात करायची म्हणाल तर अवघड आहे, सुरुवातीची थोडी वर्षं पुण्यात काढा, कारण असेंब्ली लाइनवर उभं राहून फिटरला प्रश्न विचारता आले पाहिजेत आणि ओळखीही तिथेच होतात. नंतर परत या, घरून काम मिळतं. फक्त पावसाळ्यात लाइट जाते त्याची सोय आणि दोन वेगवेगळी नेट कनेक्शन आधी करून ठेवा, असेंब्लीच्या फाइल जड असतात. फ्रीलान्समध्ये दर चित्रामागे ठरतो, तेव्हा किती दुरुस्त्या त्याच पैशात आणि त्यापुढच्या कितीला, हे कामाआधी लेखी घ्या, कारण डिझाइन मध्येच बदलतं आणि मग अख्खं चित्र पुन्हा करावं लागतं.