महाधमनीच्या शस्त्रक्रिया आणि संशोधन, एकाच सर्जनला दोन्ही जमतं का?

तुम्ही लिहिलंय की एमबीबीएस संपत आलंय, महाधमनीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या रक्तवाहिनीच्या, शस्त्रक्रियांकडे ओढा आहे, पण संशोधनही सोडवत नाही. दोन्ही एकत्र जमेल का?

मी सर्जन नाही, पर्फ्युजनिस्ट आहे. ऑपरेशन चालू असताना हृदय आणि फुप्फुसांचं काम करणारं हार्ट-लंग मशीन मी सांभाळतो. माझ्या जागेवरून दिसतं ते सांगतो: जमतं. या शाखेतलं संशोधन निघतंच मुळी ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) अडलेल्या कामातून.

अमेरिकेतल्या ह्यूस्टनचे हृदयाचे सर्जन मायकेल डीबेकी बघा. माझ्या मशीनवर रोज फिरणाऱ्या, रक्त पुढे ढकलणाऱ्या रोलर पंपावर त्यांनी विद्यार्थी असतानाच काम केलं होतं. पुढे १९५० च्या सुमारास अडचण अशी होती की फुगलेली महाधमनी कापून काढली, तरी त्या जागी जोडायचं काय? मृतदेहातून काढून जपलेल्या धमन्या पुरत नव्हत्या. डीबेकी नायलॉनचं कापड आणायला दुकानात गेले. ते संपलं होतं, म्हणून डॅक्रॉन (पॉलिएस्टरचं कापड) घेऊन आले आणि बायकोच्या शिलाई मशीनवर स्वतः नळ्या शिवल्या. शिवण त्यांना लहानपणी आईने शिकवलं होतं. आजही आमच्या टेबलावर येते ती डॅक्रॉनचीच नळी. पांढरी, बाजाच्या भात्यासारख्या चुण्यांची.

पण मला त्याहून मोठी वाटते ती त्यांची हिशेब ठेवण्याची चिकाटी. महाधमनीचा आतला पदर फाटून रक्त भिंतीत शिरतं, त्याला डिसेक्शन म्हणतात. १९५५ मध्ये त्यांनी अशा सहा रुग्णांच्या शस्त्रक्रिया छापल्या, १९६५ मध्ये १७९, आणि १९८२ मध्ये ५२७ रुग्णांचा वीस वर्षांचा पाठपुरावा. २००५ च्या अखेरीस त्यांना स्वतःलाच डिसेक्शन झालं. फेब्रुवारी २००६ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी, त्यांचेच सहकारी जॉर्ज नून यांनी ऑपरेशन केलं. नळी डॅक्रॉनची. त्यानंतर ते दोन वर्षांहून जास्त जगले.

आता आमच्याकडचं. महाधमनीची कमान, म्हणजे हृदयाच्या वरचा तिचा वळणाचा भाग, बदलायची असते तेव्हा मी रुग्णाचं शरीर थंड करत नेतो आणि आमच्या सर्जन सरांनी ‘थांबव’ म्हटलं की पंप थांबवतो. मेंदूला तेवढं मानेच्या धमनीतून वेगळं रक्त चालू ठेवतो. दर पाच मिनिटांनी मोठ्याने वेळ सांगायची. त्या वेळी ओटीत कुणी बोलत नाही.

केस आटोपली की चहाला जाण्याआधी आमचे सर एका जाड वहीत लिहितात: किती अंशांवर थांबलो, किती मिनिटं. दुसऱ्या दिवशी त्याच ओळीपुढे: कधी जागा झाला, दोन्ही हात हलवले का. वर्षभराने स्वतः फोन करून सीटी स्कॅन मागवतात, कारण उरलेली महाधमनी पुढे फुगू शकते. त्यांचे पेपर या वहीतूनच निघालेत.

त्रास खरा आहे, लपवत नाही. डिसेक्शनची केस रात्री दोनलाही येते, आणि एमएस (सर्जरी) आणि त्यापुढची हृदयशस्त्रक्रियेची एमसीएच यांची मिळून सहा वर्षं झोपेचीच मारामार असते. तेव्हा पेपर लिहायला बळ उरत नाही. म्हणून एमसीएचची जागा निवडताना तिथल्या रेसिडेंटना एवढं नक्की विचारा: ऑपरेशन झालेल्या पेशंटची वर्षभरानंतरची नोंद तुमच्याकडे कोण ठेवतं? वही दाखवली, तर तिथे जा.