रात्री झोपेची गोळी, सकाळी जागं राहायची गोळी?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, मी ३४ वर्षांची, नाशिकला असते, बँकेत काउंटरला बसते. गेल्या वर्षी डिप्रेशनचं निदान झालं, तेव्हापासून रात्री एक गोळी चालू आहे, एसिटालोप्राम १० आणि क्लोनाझेपाम ०.५ एकत्र असलेली. मूड खरंच सुधारलाय, रडू येत नाही, घरात चिडचिड कमी झाली, पण अंगात जान म्हणून नाही. सकाळी तीन अलार्म लावून उठते, मुलाचा डबा कसाबसा होतो, आणि दुपारी साडेतीनच्या सुमारास नोटा मोजता मोजता डुलकी लागते, परवा तर कस्टमरनेच "मॅडम" म्हणून हाक मारून उठवलं, इतकी लाज वाटली. वजनपण वाढलंय, नवरा म्हणतो हल्ली घोरतेस. ऑफिसातली एक मैत्रीण म्हणाली तिचा भाऊ मोडाफिनिल घेतो, दिवसभर फ्रेश राहतो, तिने अर्धी स्ट्रिप आणूनही दिलीये, पर्समध्ये पडून आहे. घेऊ का? डिप्रेशनची गोळी बंद करायची भीती वाटते म्हणून ती चालू ठेवून वरून ही घ्यावी असं मनात आहे. (गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत, बाकी काही नाही.)

उत्तर : ताई, डिप्रेशनची गोळी स्वतःहून बंद केली नाहीत हे फार बरं केलंत. पर्समधली स्ट्रिप मात्र तशीच राहू द्या, खरं तर मैत्रिणीला परतच करा.

आता तुमच्या रात्रीच्या गोळीकडे बघू. तिच्यात दोन औषधं आहेत हे बऱ्याच पेशंटना माहीतच नसतं, पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि आपण "ती डिप्रेशनची गोळी" एवढंच म्हणतो. त्यातलं एसिटालोप्राम हे डिप्रेशनचं औषध. क्लोनाझेपाम हे चिंता आणि झोपेसाठी, सुरुवातीच्या काही आठवड्यांत एसिटालोप्रामचा परिणाम दिसेपर्यंत आधार म्हणून देतात. आपल्याकडे हे कॉम्बिनेशन इतकं सर्रास लिहिलं जातं की आधाराची काठी वर्षभर तशीच हातात राहते. क्लोनाझेपामचं अर्धं प्रमाण शरीरातून जायलाच साधारण ३० ते ४० तास लागतात. म्हणजे काल रात्रीची गोळी पुरती उतरायच्या आत आजची पोटात जाते. तुमच्या साडेतीनच्या डुलकीमागे हीच असेल असं मी न तपासता छातीठोकपणे सांगणार नाही, पण पहिला संशय माझा हिच्यावर. आणि तसं असेल तर झोप आणणारी एक गोळी चालू ठेवून ती झोप घालवायला दुसरी घ्यायची, याला काय अर्थ आहे?

पण म्हणून आज रात्रीपासून क्लोनाझेपाम तोडू नका हं. वर्षभर घेतलेली ही गोळी एकदम थांबवली तर घबराट, थरथर, झोप पूर्ण उडणं, क्वचित फिटसुद्धा येऊ शकते. तुमच्या डॉक्टरांना सांगून आधी कॉम्बिनेशन सोडवून दोन वेगळ्या गोळ्या करून घ्या, म्हणजे एसिटालोप्राम सकाळी घेता येतं का तेही बघता येईल, आणि क्लोनाझेपाम काही आठवड्यांत हळूहळू उतरवता येईल.

दुसरं घोरणं. वजन वाढलंय, घोरणं सुरू झालंय आणि दिवसा बसल्या बसल्या झोप लागते, हे तिन्ही एकत्र आलं की स्लीप ॲप्नियाचा विचार करावाच लागतो, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडकणं. क्लोनाझेपामने घशाचे स्नायू अजून सैल पडतात, त्यामुळे हे वाढूही शकतं. नवऱ्याला एक रात्र जरा जागं राहून बघायला सांगा, घोरता घोरता मध्येच सगळं शांत होतं आणि मग दचकून श्वास घेता का. घरबसल्या एक अंदाज पण घेता येतो. एपवर्थ नावाची आठ प्रश्नांची छोटी चाचणी आहे, त्यात विचारतात की वाचताना, टीव्ही बघताना, जेवणानंतर शांत बसल्यावर, सिग्नलला गाडी काही मिनिटं थांबली असताना वगैरे डुलकी लागायची शक्यता किती, प्रत्येकाला शून्य ते तीन मार्क, एकूण २४. दहाच्या वर गेलं तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. तुमचं काउंटरवरचं वर्णन वाचून वाटतं तुम्ही दहाच्या वरच असाल.

रक्ततपासणी पण करून घ्या, हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी १२, शुगर आणि सोडियम. सोडियम का, तर एसिटालोप्रामसारख्या औषधांनी काही जणांचं सोडियम उतरतं आणि गळून गेल्यासारखं होतं. जास्त करून वयस्कर लोकांत दिसतं पण एका टेस्टने शंका मिटत असेल तर का सोडायची. आणि थायरॉईड कमी असेल तर थकवा, वजन, उदासी तिन्ही तिथूनच आलेलं असू शकतं, मग मोडाफिनिल घेऊन काय साधणार?

आता खुद्द मोडाफिनिलबद्दल, कारण ते वाईट औषध आहे असं मला अजिबात म्हणायचं नाहीये. अमेरिकेत १९९८ मध्ये त्याला नार्कोलेप्सीसाठी, म्हणजे दिवसा अनावर झोपेच्या आजारासाठी मान्यता मिळाली, पुढे स्लीप ॲप्नियावर उपचार करूनही दिवसा उरणारी झोप आणि नाइट शिफ्टवाल्यांसाठीही. युरोपच्या नियामकांनी मात्र २०१० मध्ये फायदा-तोटा तपासून ते फक्त नार्कोलेप्सीपुरतं ठेवा असं सांगितलं. डिप्रेशनच्या औषधांनंतरच्या थकव्यासाठी कुठेही रीतसर मान्यता नाही, सायकियाट्रिस्ट आपल्या जबाबदारीवर निवडक पेशंटना देतात, मीही दिलंय. २००३ साली आलेल्या एका अमेरिकन अभ्यासात डिप्रेशनच्या औषधाने अर्धवटच बरं वाटलेल्या १३६ जणांना सहा आठवडे मोडाफिनिल किंवा नुसती खोटी गोळी दिली होती. पहिल्या एक-दोन आठवड्यांत मोडाफिनिलवाल्यांची झोप आणि थकवा लवकर कमी झाला, पण सहाव्या आठवड्याला दोन्ही गटांत म्हणावा असा फरक उरला नव्हता. मैत्रिणीचा भाऊ फ्रेश आहे ते खरं असेल, पण त्याचा आजार कुठला, त्याला कुणी दिलं, हे तुम्हाला कुठे माहितीये?

शिवाय तुमच्याबाबतीत दोन गोष्टी अडतात. मोडाफिनिलमुळे एसिटालोप्रामचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं, त्यामुळे डॉक्टरला दोन्ही औषधं माहीत असायलाच हवीत. आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा असर ते कमी करतं! गोळी वेळच्या वेळी घेऊनही दिवस जाऊ शकतात, आणि हे मोडाफिनिल बंद केल्यावरही महिना-दोन महिने लागू राहतं. गर्भावर परिणाम होण्याचा इशाराही परदेशातल्या नियामकांनी दिलेला आहे. उद्या तपासण्या होऊन, क्लोनाझेपाम उतरवूनही झोप येतच राहिली आणि डॉक्टरांनी मोडाफिनिल द्यायचं ठरवलं, तर हा विषय तुम्ही स्वतः काढा, कॉपर टी किंवा निरोधचं बोलून घ्या. मग सहसा १०० मिलिग्रॅमपासून, सकाळीच सुरू करतात, कारण बारा-पंधरा तासांनीही निम्मं अंगात असतं, दुपारी घेतलं तर रात्रीच्या झोपेचं वाटोळं.

प्रश्न : डॉक्टर, माझ्या धाकट्या भावाला, वय २६, डिप्रेशनवर गोळी चालू होती आणि सुस्तीसाठी त्याने स्वतःच ऑनलाइन मागवून मोडाफिनिल २०० सुरू केलं. आधी आम्हाला आनंद झाला, कामाला लागला, जिमला जायला लागला. आता दहा दिवस झाले रात्री तीन तासपण झोपत नाही तरी थकत नाही, पहाटे दोनला उठून कपाट आवरतो, बोलणं थांबत नाही, आणि काल नोकरी सोडून स्वतःचं काहीतरी सुरू करतो म्हणून दीड लाखाचं सामान मागवलं. आई म्हणते बरा झालाय, बोलू नकोस. मला भीती वाटते.

उत्तर : तुमची भीती रास्त आहे, आईंना माझं नाव सांगा. झोप कमी होऊनही न थकणं, सलग बोलणं, बेताल खर्च, ही मेनियाची, म्हणजे उत्साह आणि मनाचा वेग बेसुमार वाढण्याची लक्षणं आहेत. डिप्रेशनच्या औषधाने, मोडाफिनिलने किंवा दोन्ही मिळून ती उफाळू शकतात, विशेषतः मुळात बायपोलर, म्हणजे कधी उदासी तर कधी मेनिया असा आजार असलेल्या माणसात, आणि तरुण वयातलं पहिलं डिप्रेशन कधीकधी बायपोलरची सुरुवात असतं. मोडाफिनिल आजच थांबवा, डिप्रेशनच्या गोळीचं काय करायचं ते त्याच्या डॉक्टरांना आजच फोन करून विचारा, उद्यावर टाकू नका. घरात कुणाला बायपोलर किंवा "वेडसर काका" म्हणून कुणी होतं का तेही आठवून सांगा, निदानाला उपयोग होतो. कार्ड, यूपीआय काही दिवस तुमच्याकडे घ्या, बाईकची चावी पण, भांडण न करता. डॉक्टर सापडत नसतील तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. तो आक्रमक झाला किंवा जिवाचं काही बोलायला लागला तर थेट हॉस्पिटल गाठा.

प्रश्न : मी फ्लुव्होक्सामिन हे डिप्रेशनच्या औषधांपैकी एक घेतो, दुपारची सुस्ती घालवायला दोन-तीन कप कॉफी चालेल का? गोळी नको, कॉफी तर घरचीच.

उत्तर : दादा, बाकी कुणी विचारलं असतं तर सकाळी एक-दोन कप खुशाल घ्या म्हटलं असतं. फ्लुव्होक्सामिनवर मात्र नाही. हे औषध कॅफिन शरीरातून बाहेर जाण्याचा वेग खूप कमी करतं, त्यामुळे दुपारी तीनची कॉफी मध्यरात्रीही रक्तात फिरत असते, छातीत धडधड होते, झोप लागत नाही, आणि दुसऱ्या दिवशी सुस्ती वाढते ती वेगळीच. सकाळी एक छोटा कप घेऊन बघा, चहाही त्यातच धरा. तरी सुस्ती राहिली तर डोस रात्रीकडे सरकवता येईल का ते डॉक्टरांना विचारा.