डिझेल फिल्टर धुवावा की बदलावा?

प्रश्न : माझा जुना ट्रक चढावर ओढत नाही. फिल्टर काढून डिझेलमध्ये धुतला. थोडे दिवस बरा चालला, पुन्हा तेच. काय करू?

उत्तर : कागदी फिल्टर धुवू नका, अगदी कळकळीने सांगतो. धुताना कागद फाटला की बारीक कचरा थेट पंपात आणि इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलमध्ये जातो, आणि ते काम फिल्टरपेक्षा कितीतरी महाग पडतं. धुवायची ती जाळी आणि गाळाची वाटी. नव्या फिल्टरबरोबर रबरी सीलही नवंच घाला. मग डिझेलच्या लाईनमध्ये अडकलेली एअर (हवा) काढा : ब्लीड स्क्रू, म्हणजे हवा बाहेर सोडायचा स्क्रू, सैल करून डिझेल पुढे ढकलणारा छोटा हातपंप मारत राहा, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की स्क्रू आवळा. नवा फिल्टरही लवकर तुंबला, तर टाकी उतरवून आतला गंज आणि तळाचं पाणी बघा. मला तरी संशय टाकीचाच आहे.