वाचकांचे प्रश्न : पडद्यावरचा लाकडी पट

प्रश्न : माझी बारा वर्षांची मुलगी संगणकावर बुद्धिबळाची कोडी भराभर सोडवते, परंतु स्पर्धेत खऱ्या पटासमोर बसली की प्रतिस्पर्ध्याचा कोपऱ्यातला उंट तिच्या नजरेतून हमखास सुटतो. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये हुबेहूब लाकडी भासणारा त्रिमितीय पट आहे. तिने सरावासाठी तो वापरावा का? (एक पालक, सांगली)

उत्तर : अवश्य वापरावा; मात्र तो देखणा आहे म्हणून नव्हे, तर अडचणीचा आहे म्हणून. पडद्यावरच्या नेहमीच्या सपाट पटावर आपण सगळी घरे बरोबर वरून पाहतो, त्यामुळे कोणतीही सोंगटी दुसरीला झाकत नाही. खऱ्या पटाकडे आपण तिरके पाहतो. फिडेच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या, शिफारशीनुसार राजाची उंची सुमारे ९.५ सेंटिमीटर आणि घराची बाजू ५ ते ६ सेंटिमीटर असते. घर ५.५ सेंटिमीटरचे धरले आणि नजरेची रेषा पटाशी ६० अंशांचा कोन करत असली, तर राजा आपल्या मागचे जवळजवळ एक घर झाकतो. ४५ अंशांवर सुमारे पावणेदोन घरे, आणि ३० अंशांवर तब्बल तीन. पटाच्या पलीकडच्या भागाकडे जाणारी नजर पटाशी अधिक लहान कोन करत असल्यामुळे प्रतिस्पर्ध्याच्या सोंगट्याच एकमेकींच्या आड अधिक दडतात. तो उंट आपल्या मुलीच्या नजरेतून नेमका तिथेच सुटतो, याला तिचा निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे होईल.

दुसरी गोष्ट कर्णांची. सपाट पटावर उंटाचा मार्ग ४५ अंशांची स्वच्छ तिरकी रेघ असते आणि सरावलेला डोळा ती रेघ आपसूक टिपतो. पटाकडे ४५ अंशांतून पाहिले, की घरे आखूड होऊन तीच रेघ सुमारे ३५ अंशांची, म्हणजे बरीच आडवी दिसते. केवळ पडद्यावर शिकलेल्या मुलांना हा बदल जाणवतो, पण नेमके काय बदलले हे त्यांना सांगता येत नाही.

तेव्हा सॉफ्टवेअरमधील कॅमेऱ्याचा, म्हणजे पट पाहण्याचा, कोन अंदाजाने ठेवू नका. घरातल्या पटावर डावाची सुरुवातीची मांडणी करून मुलीला तिच्या नेहमीच्या खुर्चीवर बसवा, पलीकडच्या प्याद्यांमागे राजा आणि वजीर यांचा किती भाग झाकला जातो ते पाहा, आणि पडद्यावरही तेवढाच भाग झाकला जाईपर्यंत कॅमेरा वरखाली करा. एकदा जुळला की डाव चालू असताना पट फिरवू देऊ नका. बहुतेक मुले अडचण आली की पट झुकवून वरून पाहतात आणि सरावाचा उद्देशच निकालात निघतो.

एक मर्यादाही सांगायला हवी. साध्या पडद्यावरील त्रिमितीय पट हे अखेर सपाट चित्रच असते. दोन्ही डोळ्यांना एकच प्रतिमा मिळत असल्यामुळे खऱ्या पटासमोर जाणवते ती खोली तिथे मिळत नाही. त्यामुळे दीर्घ वेळेचे सराव-डाव या पटावर, कोडी आणि विश्लेषण सपाट पटावर, आणि आठवड्यातून काही डाव गुंडाळून ठेवता येणाऱ्या साध्या पटावर, अशी वाटणी मला योग्य वाटते.

प्रश्न : त्रिमितीय पट सुरू केला की लॅपटॉप तापतो. त्यामुळे इंजिन (चाली शोधणारा प्रोग्राम) कमजोर खेळते का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : इंजिनच्या विचारपद्धतीत पटाच्या रूपामुळे काहीही बदल होत नाही. स्टॉकफिश हे इंजिन मुख्य प्रोसेसरवर गणित करते, तर पट रेखाटण्याचे काम ग्राफिक्स चिप करते. मात्र लॅपटॉपमध्ये दोन्हींची उष्णता एकाच पेटीत साठते आणि यंत्र फार तापले की प्रोसेसर आपला वेग स्वतःच कमी करतो. लीला हे इंजिन वापरत असाल, तर गोष्ट वेगळी आहे, कारण ते प्रामुख्याने ग्राफिक्स चिपवरच चालते आणि पटाची व त्याची थेट ओढाताण होते. सावल्या आणि पटावरील प्रतिबिंबे बंद करा. खेळात त्यांचा उपयोग नाही.

प्रश्न : उंटावर क्लिक केले तरी पुढचा राजाच उचलला जातो. काय करावे? (एक निवृत्त वाचक, मडगाव)

उत्तर : दोष आपल्या हाताचा नाही. त्रिमितीय चित्रात पडद्यावरचा एक ठिपका म्हणजे पटाच्या दिशेने आत जाणारी एक अख्खी रेषा असते, आणि त्या रेषेत जी सोंगटी प्रथम लागते ती सामान्यतः निवडली जाते. म्हणून उंटाचा जो भाग उघडा दिसतो, तिथेच क्लिक करावे. सोय असल्यास चाल कीबोर्डवरून लिहावी. नोव्हेंबर २००३ मध्ये न्यूयॉर्क येथे माजी विश्वविजेते गॅरी कास्पारोव्ह एक्सथ्रीडी फ्रिट्झ या संगणक-प्रोग्रामशी चार डाव खेळले, तेव्हा खास चष्म्यातून त्यांना पट हवेत तरंगताना दिसत होता आणि चाली ते तोंडाने सांगत होते. (सामना २–२ असा बरोबरीत सुटला.) आपल्याला तेवढा थाट नको. सोंगट्यांचा संच मात्र बदलून पाहा : काचेच्या किंवा धातूच्या नक्षीदार सोंगट्या चमकतात आणि उंट-प्याद्यातला फरक पुसून टाकतात. १८४९ पासून प्रचलित असलेला स्टॉन्टन पद्धतीचा (स्पर्धांत नेहमी दिसणाऱ्या घडणीचा), चकाकी नसलेला संच निवडावा आणि कॅमेरा थोडा वर घ्यावा. पण अगदी डोक्यावर नेऊ नये, कारण तिथून पाहिले तर उंट आणि प्यादे दोन्ही नुसते गोल ठिपके दिसतात.